सोळाच्या आत कुणी न्हालं नाही

बीड
१४ नोव्हेंबर २०२२

प्रिय सत्यभामा,

द्वारकाचा आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होते. पण तुमचा फोन असतो माझ्या भावाच्या खिशात, आणि उत्तरेश्वर बोलतो तो स्पीकर लावून, अख्ख्या ऊसतोड टोळीला ऐकू जाईल असा. मला जे सांगायचं आहे ते टोळीसाठी नाही. म्हणून फडावरच्या तुमच्या पाचटाच्या कोप्यांजवळच्या सुंदरराव दुकानदाराच्या पत्त्यावर तुझ्या नावाने पाठवते आहे. उत्तरेश्वरच्या हाती लागलं तरी घोर नाही, त्याला जोडाक्षर दिसलं की लहानपणापासून घाम फुटतो.

करिष्मा शहाणी झाली.

केजच्या वसतिगृहातल्या बाईंचा गुरुवारी फोन आला. तुमचा लागत नव्हता म्हणून मला केला. मी दवाखान्यातली ड्यूटी बदलून घेतली आणि मिळेल त्या एसटीने गेले. पोरगी कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. घाबरली असेल, रक्त बघून रडली असेल, असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. बाईंनी सगळं नीट समजावलं होतं. तिने मला एकच विचारलं, "आत्या, आता मला घरी नेणार का?" तिच्या वर्गातल्या दोघी अशाच घरी गेल्या आणि परत आल्या नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

मी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले. अकरा वर्षांची आहे गं ती! आपल्या घरात असं कधी झालेलंच नाही. माय सतराव्या वर्षी न्हाली, लग्न होऊन दोन वर्षं झाल्यावर. मी सोळा पूर्ण झाल्यावर. आणि त्या उशिरानेच मला तारलं. आप्पा दर उन्हाळ्यात मायला विचारायचे, "न्हाली का द्वारकी?" माय ताठ मानेने सांगायची, "आमच्या घरच्या पोरी लवकर पिकत न्हाईत." मग विषय पुढच्या वर्षावर जायचा. तेवढ्या वेळात माझी दहावी झाली, आणि दहावी होती म्हणून नर्सिंग झालं. करिष्माला तिसरीत वसतिगृहात घातलं तेव्हा माझ्या मनात हाच हिशोब होता. पोरगी फडावर जाणार नाही, पोटभर जेवेल, शिकेल, आणि सोळापर्यंत तिच्याकडे कुणी बघणार नाही.

आता ऐक. हे कुणाला सांगायचं नाही. मामाला हिरवं लुगडं घेऊन बोलवायचं नाही, ओटी भरायची नाही, काही नाही. माय आयुष्यभर जे सांगत आली तेच आपल्या कामी येईल. आपल्या मायच्या, भिवराबाईच्या नातीकडे सोळाच्या आत कुणी संशयाने बघणारच नाही. सुट्टीत ती घरी आली की पाळीचे कपडे तुझे म्हणून सांगायचे. वसतिगृहातल्या बाई तोंड उघडणार नाहीत, मी त्यांच्याशी बोलले आहे.

तू आई आहेस. तुला पटत नसेल तर तसं लिही. पण लवकर लिही.

तुझी
द्वारकाताई


कोपीवरून
२७ नोव्हेंबर २०२२

ती. द्वारकाताईंना सत्यभामाचा दंडवत.

पत्र पोचलं. दुपारी मोळ्या बांधताना पाण्याला जाते म्हणून उठले आणि पाचटाच्या ढिगाआड बसून दोनदा वाचलं. रडू आलं. पोरीजवळ मी पाहिजे होते, तुम्ही होतात. देव तुमचं भलं करो.

पण ताई, मी दचकले नाही. तुम्ही लिहिलंत, आपल्या घरात असं कधी झालं नाही. मी साडेबारा वर्षांची असताना न्हाले. माझी आई तर बारा पुरी व्हायच्या आधीच. आमच्या माहेरी दोन म्हशी होत्या, ताक-भाकर कधी कमी पडली नाही. आमच्याकडच्या पोरी अशाच लवकर अंग धरतात. मला ह्या घरात येऊन इतकी वर्षं झाली, सासूबाई त्यांचं सतरावं वर्ष आल्यागेल्याला सांगतात, तुमचं सोळावं सांगतात. माझं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण लग्नाच्या वेळी माझ्या बापाने "आत्ताच न्हाली, पंधरावं चालू हाय" असं सांगून मला ह्या घरात दिलं होतं. करिष्मा भिवराबाईंची नात आहे तशी माझ्या आईचीही आहे. हे तुम्हालाही सुचलं नाही, मग बाकीच्यांचं काय बोलायचं?

राग नाही. लिहायला बसले म्हणून आलं.

मामाने आणलेलं हिरवं लुगडं मला अजून आठवतं. पाटावर बसवलं, बायांनी ओटी भरली, गाणी म्हटली. मला लई आवडलं होतं ते लुगडं. ते कशाला नेसवलं हे आठवड्यानं कळलं, पाहुणे बघायला आले तेव्हा. तर माझ्या पोरीला ते नको. तुम्ही म्हणता तसंच करू. मी माझं धुणं दोरीवर लुगड्याखाली वाळत घालते, तिचंही तिथंच घालीन. सासूबाईंना दोन फडकी जास्त दिसतील, एवढंच.

धाकटीची तेवढी भीती आहे. वेदिकाला सहावं सरत आलंय आणि जे दिसेल ते गावभर सांगते. तिच्यापासून जपावं लागेल.

तुमची
सत्यभामा


बीड
९ जानेवारी २०२४

प्रिय सत्यभामा,

वर्ष उलटलं, एक उन्हाळा आणि एक दिवाळी निभावली. तू तर पक्की चोर निघालीस. मी मे महिन्यात गावी आले होते तेव्हा दोरीकडे मुद्दाम बघितलं, मलासुद्धा काही ओळखू आलं नाही.

परवा करिष्माला भेटले. सातवीत वर्गात दुसरी आहे, आणि पहिली आलेल्या मुलीवर तिचा भारी राग आहे. माझ्या खांद्याच्या वर गेली. एसटीत कंडक्टर व्हायचं म्हणते. मी म्हटलं, कलेक्टर म्हण की! तर म्हणाली, "कलेक्टर कुठं रोज गावोगाव फिरतो?"

तुझ्या त्या पत्राने मला बरेच दिवस चैन पडू दिलं नाही. शेवटी आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे आईकडून येतं तसं बापाकडूनही येतं. पण त्यावर पुष्कळ गोष्टींचा हात फिरतो. पोटाला काय मिळतं, अंगाला कष्ट किती, आजारपणं किती, जिवाला घोर किती. पोटभर खाणाऱ्या पोरी आता सगळीकडेच आधीपेक्षा लवकर न्हातीधुती होतात. आमच्या दवाखान्यात मोठ्या घरच्या दहा-दहा वर्षांच्या पोरींना आया घेऊन येतात. त्या पोरींना मात्र कुणी शाळेतून काढत नाही. आई बाहेर पडली की त्यांना आइस्क्रीम खायला नेते.

म्हणजे बघ, तुझं रक्त आणि वसतिगृहातली दोन वेळची पोळी-भाजी, आठवड्याची अंडी, सकाळचं दूध. ती सुरक्षित राहावी म्हणून मी तिला जिथे ठेवलं, तिथल्या जेवणानेच तिचा दिवस अलीकडे आणला. मला हसावं की रडावं कळेना. पण उपाशी ठेवायचं होतं का? जाऊ दे. अजून तीन वर्षं काढायची आहेत. दहावी झाली की मी तिला इकडे घेऊन येते, मग मायने गावभर ओरडून सांगितलं तरी चालेल.

द्वारकाताई


युसूफ वडगावच्या शिवेवरून, घरून
२० जुलै २०२४

ती. ताईंना दंडवत.

ह्या वेळी पत्र माझ्यासाठी आहे. फडात गेल्या हंगामात माझं पोट लई दुखलं. अंगावरून जातं, कंबर मोडून येते, मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यांपुढे अंधारी येते. माझे खाडे पडले तर राधाकिशन मुकादम टोळीदेखत ह्यांना, तुमच्या भावाला, बोलला, "बायकू हाय का पाव्हणी? पिशवी काढून टाक तिची, आमच्या टोळीतल्या निम्म्या बायांनी काढलीया. ना दुखणं ना खाडा." हे मान खाली घालून ऐकत बसले.

इथे एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरने मशीन फिरवली आणि म्हणाला, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. दोन पोरी झाल्यात, आता पिशवीचं काम काय? सासूबाईंचं पण तेच, "काढ की, मोकळी हो." तिशीत आहे मी. तुम्ही दवाखान्यातल्या आहात. काढू का?

सत्यभामा


बीड
२६ जुलै २०२४

सत्यभामा,

काढू नकोस! पाया पडते तुझ्या, काढू नकोस. सूज गोळ्यांनी जाते. कॅन्सर असा मशीन फिरवून दोन मिनिटांत कळत नसतो, बायांना घाबरवायचा हा ठरलेला शब्द आहे. पिशवी काढलेल्या बाया मी इथे रोज बघते. वर्षभर बरं वाटतं, मग हाडं धरतात, अंगाची आग होते, चाळिशीत म्हाताऱ्या होतात. पत्र मिळालं की पहिल्या गाडीने बीडला ये. आमच्या बाईंना दाखवू. उत्तरेश्वरला सांग ताईने बोलावलंय. नाही म्हणाला तर मी येऊन त्याचा कान धरते.

आणि तू एक गोष्ट विसरलीस का? तुझी पिशवी गेली तर दोरीवरची फडकी कुणाची म्हणून सांगणार?

द्वारकाताई


घरून
१८ ऑगस्ट २०२४

ती. ताईंना दंडवत.

तुमचं पत्र आलं तेव्हा माझे टाके काढून झाले होते. ह्यांनी मला न विचारता दिवस ठरवून टाकला होता, उसाला जायच्या आत जखम भरायला पाहिजे म्हणून. मला दुखत होतं ताई. दुखणाऱ्या माणसाला जो म्हणेल उद्या बरं करतो, त्याचं ऐकावंसं वाटतं. तुम्ही रागवा, तुम्हाला हक्क आहे.

फडक्यांचं डोक्यात आलं होतं. ऑपरेशनच्या टेबलावर आलं, तोवर सुई टोचून झाली होती. पण घोर करू नका. करिष्मा वसतिगृहातच असते. दिवाळीला आठ दिवस येईल, तेवढे मी कसेही निभावते. तिला सांगितलंय, वसतिगृहातून पॅडच्या पुड्या आणायच्या आणि वापरून झाल्या की जाळायच्या.

सत्यभामा


घरून
६ नोव्हेंबर २०२४

द्वारकाताई,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

पाडव्याच्या दिवशी करिष्माला पाळी आली. आणलेल्या पुड्या संपल्या. मी जुन्या लुगड्याचं फडकं दिलं. तिचं ती धुवायला बसली होती, मी म्हटलं, दे, तू आठवीतली पोर, सणाचं धुणं कशाला धुतेस. धुतलं, पिळलं आणि दोरीवर माझ्या लुगड्याखाली वाळत घातलं. दोन वर्षं घालत होते तसंच. हाताला सवय झाली होती ताई. ती पोर मला म्हणालीसुद्धा नाही की आई, तुझी तर पिशवी काढलीय. तिलाही सुचलं नाही.

दुपारी सासूबाई लुगडं घडी करायला गेल्या. फडकं हातात घेऊन चुलीपाशी आल्या. "तुजी पिशवी तर काढली. मंग ह्ये कुणाचं?"

मी म्हटलं, टाक्यातून येतं अधूनमधून. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग करिष्माकडे. ती करंज्या तळत होती, तिचा झारा थांबला. त्यांनी ओळखलं. मला वाटलं, आता म्हणतील, शहाणी झाली, मामाला निरोप धाडा. तेवढंच म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या, "अजून चौदा भरायचीत हिला. आमच्या घरात सोळाच्या आत कुणी न्हालं न्हाई. पोरीला कुणीतरी हात लावलाय. तवाच असं अवेळी फुटतंय."

मी म्हटलं, नाही हो, दोन वर्षं झाली तिला न्हाऊन. त्यावर त्यांनी फडकं माझ्यापुढे धरलं. "अकराव्या वर्सी? म्हंजी तवापासनं? आन् तू लपवलंस? चांगलं असतं तर लपवलं असतंस कावून?"

ताई, जे जे खरं सांगत गेले ते ते उलटत गेलं. मी म्हटलं, मी पण साडेबाराव्या वर्षी न्हाले. तर म्हणाल्या, "मंग तुज्यातच खोट. तुज्या बापानं आमाला फशीवलं."

हे संध्याकाळी आले. ओरडले नाहीत, मारलं नाही. करिष्मापुढे उकिडवे बसले आणि विचारलं, "कोण हाय त्यो? सरांपैकी हाय का? सांग, मी काय करत न्हाई तुला." पोरीला आधी कळेच ना काय विचारतायत. कळलं तेव्हा तिने असं काही रडायला सुरुवात केली की ह्यांनी त्याचाच अर्थ काढला.

वसतिगृहातून तिची पेटी आणली. उद्या उसाला निघायचंय, तिलाही घेऊन. राधाकिशन मुकादमाने एक मुलगा सांगितलाय, टोळीतलाच, अभिमन्यू. बोभाटा व्हायच्या आत उरकून टाका म्हणतोय. तुम्ही या. काहीतरी करा. तुमचं ऐकतील.

सत्यभामा


बीड
११ नोव्हेंबर २०२४

माय,

सत्यभामाचं पत्र मिळालं त्याच दिवशी गावी आले, तर घराला कुलूप. उत्तरेश्वर माझा फोन उचलत नाही. म्हणून हे सुंदरराव दुकानदाराच्या पत्त्यावर तुला लिहिते. सत्यभामा वाचून दाखवेल, आणि तू शेवटपर्यंत ऐकायचंस. मध्ये उठायचं नाही.

करिष्माला कुणी हात लावलेला नाही. मी दर महिन्याला तिला भेटते. वसतिगृहातल्या बाईंनी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलंय. लपवायचं मी ठरवलं होतं, सत्यभामाने नाही. शिव्या द्यायच्या तर मला दे.

तू म्हणतेस आमच्या घरात सोळाच्या आत कुणी न्हालं नाही. मग आठव, तू त्या वयाची होतीस तेव्हा काय खात होतीस. बहात्तरच्या दुष्काळात तू बारा वर्षांची. रोजगार हमीवर खडी फोडायचीस. तूच सांगतेस, मिलो ज्वारीची भाकर आणि सुकडी मिळाली तर मिळाली, नाहीतर अंबाडी उकडून खाल्ली. सतराव्या वर्षीही तुझ्या अंगावर मांस नव्हतं, म्हणून तू न्हाली नव्हतीस. आणि मी? मी तुझ्याबरोबर फडावर होते. उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करायचं, उत्तरेश्वरला कडेवर सांभाळायचं, आणि तुम्ही रात्री आलात की शिळं काय असेल ते खायचं. म्हणून सोळा. आपल्या घरचं ते रक्त नव्हतं, माय. ती भूक होती.

थोडं रक्ताचंही असेल. पण करिष्माच्या अंगात एकट्या तुझं रक्त नाही. तिच्या आईचं, आजोळचं पण आहे. आणि तिला तुझ्यासारखं उपाशी राहावं लागलं नाही, म्हणून ती वेळेवर वाढली. ह्यात आनंद मानायचा की तिला फासावर द्यायचं?

तेरा वर्षांच्या पोरीचं लग्न हा गुन्हा आहे. तुम्ही थांबला नाहीत तर मी माझ्या भावाविरुद्ध तक्रार करीन. हे मी रागाने लिहीत नाही, रडत लिहिते आहे.

तुझी
द्वारकी


कोपीवरून
२८ नोव्हेंबर २०२४

ती. द्वारकाताईंना दंडवत.

तुमचं पत्र दुकानात चार दिवस पडून होतं. हातात पडलं तेव्हा लग्न होऊन गेलं होतं. कोप्यांच्या मागे, ट्रॅक्टरच्या उजेडात. माझा भाऊ हिरवं लुगडं घेऊन आला. न्हाणाचंही तेच आणि लग्नाचंही तेच, एकदाच नेसवलं.

तरी मी सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात तशा त्या शेवटपर्यंत बसून होत्या. दुष्काळाचं आलं तेव्हा पदर तोंडाला लावला. मला म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचलं. मग म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते.

"म्हंजी कुणी हात लावला न्हवता."

मी म्हटलं, नाही.

"मी पोरीवर नसता आळ घेतला."

मी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "द्वारकीला लिव्ह. भुकेनं उशीर होतो ह्ये तुला ठावं होतं. भुकेनंच तुजी धाव्वी झाली. मंग माज्या नातीला इतकं जेवू घातलंस कावून?"

त्यानंतर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. करिष्माच्या कोपीपुढे जाऊन बसतात, पोर कामावरून आली की तिचे पाय चेपायला बघतात. ती पाय ओढून घेते. सासूबाई वाईट नाहीत ताई. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मुकादमाच्या वहीत करिष्मा आणि अभिमन्यू, नवरा-बायको मिळून, आता एक कोयता आहेत. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, दारू पीत नाही. मी हे तुम्हाला समाधान म्हणून लिहितेय की मला, ते मलाच कळत नाही.

तक्रार करायची तर करा. मी अडवत नाही.

सत्यभामा


कोपीवरून
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

करिष्माचा साष्टांग नमस्कार. पेन सुंदरराव दुकानदाराकडून मागून आणलाय, परत द्यायचाय, म्हणून भरभर लिहिते.

तू पाठवलेली माणसं आली होती. एक बाई, दोन साहेब आणि एक पोलीस. बाई चांगल्या होत्या, मला बाजूला घेऊन विचारलं. आजीने आधीच अठरा सांगितलं होतं. मी पण मान हलवली. त्यांना खरं वाटलं, मी अंगाने मोठी दिसते ना. तू रागावशील. पण तेव्हा वडील लांब बांधावर हात जोडून उभे होते, आणि वेदिका त्यांच्या पायाला धरून उभी होती. वडिलांना नेलं असतं तर आईने एकटीने कोयता कसा चालवला असता? तिचं पोट अजून दुखतं. ऑपरेशनने काही गेलं नाही.

मला ऊस तोडता येतो आता. हाताला फोड आले होते, ते फुटून कातडं घट्ट झालं. अभिमन्यू मला जास्त बोलत नाही. मी फडात मनातल्या मनात बसचे थांबे म्हणते. बीड, मांजरसुंबा, नेकनूर, केज. पुढचे थांबे विसरायला लागलेय, तू लिहून पाठव.

मी दुसऱ्याच कारणासाठी लिहितेय. वेदिका आठवीत आहे. आठवीत नाही, आठ वर्षांची आहे, माझ्या बरोबरच्या मुली आठवीत आहेत म्हणून हात चुकला. तर वेदिका. तुझं पत्र वाचल्यापासून आजी आणि आईने ठरवलंय की वेदिकाचं माझ्यासारखं होऊ द्यायचं नाही. तिला वसतिगृहात घातलं नाही. तिला सकाळी अर्धी भाकरी देतात आणि रात्री अर्धी. दूध बंद केलं, शेंगदाणे डब्यात वर टांगून ठेवले. ती मागते तेव्हा आई कोपीबाहेर निघून जाते. आजी स्वतःही तेवढंच खाते, म्हणते, "बघ, मी पण अर्धीच खाती."

आधी मी तिला माझ्यातली चोरून द्यायचे. ती धावत यायची माझ्या कोपीत. मागच्या आठवड्यात मी तिला आंघोळ घातली, तर मला वाटलं तिचं अंग जरा भरतंय. मग मीही द्यायचं बंद केलं. परवा दारात येऊन उभी राहिली, मी बघितलं नाही असं दाखवलं. लई रडली. मला वाईट वाटतं आत्या, पण तिला माझ्यापेक्षा जास्त शिकायचंय. ती कलेक्टर म्हणते.

आई म्हणते अर्धी बास आहे. आजी म्हणते अजून कमी करायला पाहिजे. तू दवाखान्यात आहेस, तुला नक्की माहीत असेल. दहावी होईपर्यंत तिला किती खायला द्यायचं, तेवढं मला लिहून कळव.

तुझी
करिष्मा